तिसऱ्या फर्म्यातलं कोरं पान

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे चौथीत गुरुजींनी सांगितलं होतं, पण त्या वर्षी शाळा सुटली आणि तेही सुटलं. काना राहिला असेल, वेलांटी उलटी फिरली असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वाचणारं बहुतेक कोणी नाहीच. आमच्या छापखान्याच्या मालकांची सून म्हणाली, मावशी, दिवाळी अंकाला लिहून द्या, तुमच्या कामाचं कुणी लिहीत नाही. मी बघते म्हटलं. पण आपलं नाव चार लोकांत छापून येणार हा विचारच मला नको वाटतो. तेव्हा हे माझ्यापुरतं. कागद मात्र फार चांगला आहे. त्याची हकिकत पुढं येईल.

मी सांगलीत एका लहान छापखान्यात बाइंडिंगला आहे. सव्वीस वर्षं झाली. माझे मालक कुपवाडला कारखान्यात जायचे, तिथं दोन महिने काम बंद पडलं तेव्हा मी घराबाहेर पडले, ती इथंच राहिले. (घरच्या मालकांना मालक आणि छापखान्याच्या मालकांनाही मालक, त्यामुळं गोंधळ नको म्हणून यापुढं मालक म्हणजे छापखान्याचे.)

लोकांना छापखाना म्हटलं की मशीन आठवतं. पण मशीनमधून पुस्तक निघत नाही, मोठे मोठे कागद निघतात. एका बाजूला आठ पानं, दुसऱ्या बाजूला आठ. त्या कागदाला आम्ही फर्मा म्हणतो. त्यावर पानं ओळीनं नसतात. एकच्या शेजारी सोळा असतं, चारच्या शेजारी तेरा, आणि अर्धी पानं डोकं खाली करून. तीन घड्या नीट पडल्या की सगळी आपापल्या जागी येऊन बसतात. मला याचं अजूनही नवल वाटतं. मग फर्मे क्रमानं एकावर एक लावायचे, मधोमध सुईदोऱ्यानं शिवायचे, पाठीला गोंद, वर कव्हर, आणि शेवटी कटिंगला तीन बाजू साफ. एवढं झालं की त्याला पुस्तक म्हणायचं.

यामुळं माझं वाचन वेगळ्याच तऱ्हेचं झालं. घडी घालताना जे पान डोळ्यापुढं येईल ते वाचायचं. एका कादंबरीतली बाई मी आधी म्हातारी झालेली वाचली, मग तिचं लग्न ठरलं, आणि शेवटी ती जन्माला आली. मला काही वाईट वाटलं नाही. शेवट चांगला झाला.

काम मला दस्तगीरचाचांनी शिकवलं. मिरजेहून सायकलवर यायचे. घडीवर हाडाची पट्टी कशी फिरवायची, शिलाईचा दोरा किती ओढायचा, सगळं त्यांनी हातात हात घेऊन दाखवलं. ते फार बोलायचे नाहीत आणि मीही नाही, त्यामुळं आमचं चांगलं जमलं.

पहिल्याच वर्षी एका पतसंस्थेच्या अहवालात अध्यक्षांच्या मनोगताचं पान कोरं गेलं. मशीनवर कागद न छापताच सुटला होता, पण एवढे गठ्ठे माझ्या हाताखालून गेले आणि मला दिसलं नाही. सभेत एक सभासद उठून म्हणाला म्हणे, "यंदा अध्यक्षांचं मनोगत लय आवडलं. एक शब्द वावगा न्हाई." सभा हसली आणि अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी सगळे अहवाल आमच्या काउंटरवर आणून आपटले. मालक मला म्हणाले, "सुमन, डोळे आहेत का गारगोट्या?" मी परत घड्या घालायला बसले. संध्याकाळी चाचा म्हणाले, "बेटी, कोरं पान म्हणजे भातातला खडा. दिसला की काढ. कुणाला विचारत बसू नको."

त्या दिवसापासून माझ्या हातून कोरं पान बाहेर गेलं नाही. याचा मला गर्व होता. मनातल्या मनातच, पण होता. पुढचं सगळं त्या गर्वातून झालं.

तीन वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ छापखान्यात आले. सातारा जिल्ह्यातले, कऱ्हाडच्या पुढच्या एका खेड्यातले. अंगानं बारीक, ताठ, पांढऱ्या मिशा, हातात काठी आणि खांद्याला पलटणीतली जुनी पिशवी. हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गुडघ्याच्या दुखण्यासाठी महिन्यातून एकदा मिरजेला दवाखान्यात येत, तिथून कुणीतरी आमचं नाव सांगितलं. पिशवीत कवितांची वही होती. तीनशे प्रती काढायच्या होत्या, स्वतःच्या पेन्शनीतून.

कॉम्प्युटरवर आमच्याकडं एक मुलगी आहे, हुशार आहे. तिनं सगळं टाइप करून त्यांना वाचायला दिलं. ते काउंटरशी उभे राहून वाचत होते. मी शेजारी खाली मान घालून लग्नाच्या पत्रिका मोडत होते, म्हणजे त्यांना घड्या घालत होते.

"ताई, ह्या ओळींच्या मधी मी जागा सोडली व्हती. ती कुठं गेली?"

"काका, ती स्पेस जास्त पडली होती. मी काढून टाकली."

"पडली न्हवती. ठिवली व्हती."

"पण सगळ्याच ओळींत होती हो. वाचताना अडखळायला होतं."

"व्हय, अडखळायलाच पायजे. खेचराची पाठ हाय ती. पाठच काढली तर ओझं ठिवायचं कशावर?"

मुलगी हसली. मग ते नाही हसले असं बघून तिनं विचारलं, म्हणजे काय. त्यांनी काठी काउंटरला टेकवली आणि दोन हात पसरून दाखवलं. एकाहत्तरच्या लढाईत ते खेचरांच्या पलटणीत होते. उत्तरेकडच्या डोंगरात, जिथं गाडी जात नाही तिथं पाणी, रेशन आणि दारूगोळा खेचरांवरून वर न्यायचा. खेचरावर ओझं लादताना डाव्या अंगाला जेवढं तेवढंच उजव्या अंगाला. एका बाजूला चार शेर जरी जास्त झालं तरी चढावर खोगीर सरकतं आणि जनावराची पाठ सोलून निघते. लादून झालं की एक गडी मागं जाऊन उभा राहतो, डोळे बारीक करून दोन्ही बाजू बघतो आणि म्हणतो, "बराबर." तो बराबर म्हणेपर्यंत पहिलं पाऊल उचलायचं नाही.

"माझ्या ओळीबी तशाच हायत," ते म्हणाले. "अर्धी हिकडं, अर्धी तिकडं. मधी पाठ."

मुलीनं दुपारभर बसून सगळ्या पाठी परत घातल्या.

फर्मे छापून माझ्याकडं आले तेव्हा मी ते हळूहळू मोडले. कवितांचं पुस्तक आमच्याकडं क्वचितच येतं, आणि आलं तरी त्यात चांदणं असतं. यात चांदणं नव्हतं. एका पानावर होतं,

डाव्या अंगाला पाणी    उजव्या अंगाला गोळी
मधून चाले मुकी ती    तिची पाठ तेवढी ओली

आणि दुसऱ्या एका पानावर, उलट्या डोक्यानं, मी कागद फिरवून वाचलं,

वर जाताना पेटी    खाली येताना गडी
दोर दोन्हीला तोच    गाठ तेवढी वेगळी

हे दुसरं मला लगेच कळलं नाही. घड्या घालत राहिले आणि दहा-वीस कागदांनंतर कळलं की खाली येताना खेचरावर जखमी माणसं बांधून आणत असतील, किंवा गेलेली. मग तो कागद जितक्या वेळा हाताखालून गेला तितक्या वेळा मी ती ओळ वाचली.

तिसऱ्या फर्म्यात एक पान कोरं होतं. चाळीसनंतरचं, पुढून आणि मागून. फर्म्याच्या बरोबर मधलं, जिथं शिलाईचा दोरा दिसतो तिथं. मशीनवर कागद सुटला असता तर दहा-वीस कागदांवर सुटला असता. हे सगळ्या तीनशेंवर होतं. म्हणजे कॉम्प्युटरवरच राहिलं, असं मी धरलं.

तो शुक्रवार होता. रविवारी हवालदारांच्या गावी शाळेत प्रकाशन होतं आणि शनिवारी दुपारी गाडी प्रती न्यायला येणार होती. मालक कागद आणायला कोल्हापूरला गेले होते. कॉम्प्युटरची मुलगी सुट्टीवर होती. चाचा तोवर वारले होते. फोन होता, मालकांचा नंबरही होता. पण मला फोनवर बोलायला लाज वाटते. पलीकडचा माणूस दिसत नाही आणि माझी जीभ टाळ्याला चिकटते. शिवाय चाचांचे शब्द होतेच, कुणाला विचारत बसू नको.

मी पट्टी आणि सुरी घेतली. प्रत्येक घडी मधोमध उघडायची, कोरं पान बोटभर कड ठेवून कापायचं, म्हणजे जोडीचं पान सुटत नाही, आणि ती कड आत चिकटवून टाकायची. तीनशे वेळा. मग शिलाई. शनिवारी दुपारी गाडी आली तेव्हा पुस्तकं तयार होती. चाळीसनंतर एकदम त्रेचाळीस येत होतं हे मला दिसत होतं. पण आकडे कोण बघतंय, असं वाटलं. कोरं पान मात्र पहिल्या नजरेत दिसतं. कापलेली पानं मी टाकली नाहीत. कागद फार चांगला होता, गठ्ठा बांधून फळीवर ठेवला. त्या दिवशी घरी जाताना मी खूश होते.

बुधवारी हवालदार आले. मिरजेचा दिवस नव्हता, तरी आले. पुस्तक काउंटरवर ठेवून त्यांनी चाळीस पान उघडलं आणि मालकांना म्हणाले, "ह्याच्या पुढचं पान कुठाय?"

मालकांनी पुस्तक बघितलं. मुलीला हाक मारली. तिनं कॉम्प्युटरवर फाइल उघडून दाखवली. "हे बघा, मी सोडलंय कोरं. काकांनी लिहूनच दिलं होतं, हे पान कोरं ठेवणे."

मालकांनी पुस्तक शिवणीपर्यंत उघडलं. कड उघडून बघितली की सुरीचा काप दिसत होताच. माझ्या हातात खळीचा ब्रश होता, तो मी खाली ठेवला.

"मी काढलं," मी म्हटलं. "मला वाटलं चुकून राहिलंय."

मालकांचा चेहरा लाल झाला. पण त्यांच्याआधी हवालदार बोलले, आणि मी वाट बघत होते तसं बोलले नाहीत.

"किती पुस्तकांतनं काढलंसा?"

"सगळ्या."

"सगळ्या," ते म्हणाले आणि बाकावर बसले. काठी मांडीवर ठेवून म्हणाले, "लय निगुतीनं काढलंय वो. मला तर आधी माझंच चुकलं वाटलं. सभेत चाळीसावं पान वाचलं, मग म्हटलं आता थांबायचं, कोरं पान लोकांना दाखवायचं, मग पुढचं. शेजारी बघतो तर पुढचंच पान. शंभर माणसं समोर. मी तसाच हुबा."

मग त्यांनी सांगितलं की त्या पानात त्यांचा एक दोस्त आहे. नामदेव, फलटणकडचा. लढाईतून परत आला नाही. त्याची मोठी बहीण फलटणला आहे, नव्वदीला टेकली. हे पुस्तक मुळात तिला द्यायला काढलं होतं.

"तिला वाचाय येत न्हाई," हवालदार म्हणाले. "पुस्तकात ते एकच पान असं हाय जे तिला वाचाय येतंय."

मी आयुष्यात इतकी लाजले नसेन. मालक म्हणाले, "हवालदारसाहेब, काळजी करू नका. ऐंशी प्रती गेल्या असतील, बाकी आहेत. पानं पण आहेत आमच्याकडं. सुमन ती परत चिकटवून देईल. दोन दिवसांचं काम."

ते काही चुकीचं सांगत नव्हते. कड होती, पानं होती, खळ होती. माझी मजुरी सोडली तर खर्च काही नव्हता. मी मान हलवली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण नव्वद वर्षांची बाई, तिचा हात थरथरत असणार, आणि ती तेच पान सारखं उघडणार.

"चिकटवलेलं पान गळतं, मालक," मी म्हटलं.

"काय?"

"आज ना उद्या गळतं. दोऱ्यात नाही ना. फर्मा परत छापायला लागेल. शिलाई उसवून नवा फर्मा घालायचा."

"आणि खर्च? कागद, छपाई, नवीन कव्हर?"

"माझ्या मजुरीतनं कापा."

इतकी वाक्यं मी मालकांशी सलग कधी बोलले नव्हते. ते माझ्याकडं बघतच राहिले. मग पाटीवर हिशोब केला. सहा हजार चारशे. महिन्याला दोनशे कापायचे ठरले.

गावाहून परत आलेली दोनशेवीस पुस्तकं मी उसवली, नवा फर्मा घातला, परत शिवली. परत कटिंग केल्यामुळं ती पहिल्यापेक्षा दोन सूत लहान झाली. कुणाला फरक दिसत नाही, मला दिसतो. दोनशेवीस लहान पुस्तकांत नामदेव आहे आणि ऐंशी मोठ्या पुस्तकांत नाही. त्या ऐंशींचं काय, असं मी विचारलं होतं. हवालदार म्हणाले, "भेटंल त्याला तोंडानं सांगीन. न्हाईतरी निम्मे वाचनार न्हाईत."

पहिल्या महिन्यात दोनशे कापले गेले. दुसऱ्या महिन्यात पाकिटात मजुरी पूर्ण होती आणि पहिले दोनशेही परत. मी मालकांकडं गेले. ते म्हणाले, "हवालदार सगळे भरून गेले. तुला सांगू नको म्हणाले होते. घे, झालं ते झालं."

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. घरात सगळे म्हणाले, चांगला माणूस आहे, देव पावला, आता गप बस. पण चूक माझी आणि पैसे गेले त्यांच्या पेन्शनीतून, हे मला घेऊन बसता येईना. पुढच्या मिरजेच्या दिवशी मी अर्धा दिवस सुट्टी टाकली, बसनं मिरजेला गेले आणि दवाखान्याच्या बाहेर चहाच्या गाडीशी उभी राहिले. ते काठी टेकत बाहेर आले. मी चारशे रुपये पुढं केले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, सगळं विसरले.

मला वाटलं ते म्हणतील, राहू दे बाई, तुम्ही गरीब माणसं. सगळेच म्हणतात. तसं म्हणाले असते तर मी ते पैसे गाडीवर ठेवून पळाले असते आणि परत तोंड दाखवलं नसतं.

त्यांनी नोटा घेतल्या. मोजल्या. पिशवीतून एक छोटी डायरी काढली, पेन्सिलीनं लिहिलं आणि म्हणाले, "सहा हजार राहिले. बसा, चा घ्या."

मी बसले.

"घ्यायलाच पायजेत," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "मी घेतलं न्हाईत तर तुमच्या एकाच अंगाला वजन ऱ्हाईल. पाठ सोलती मानसाची."

त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचे उपकार मानते. पैसे भरल्याचे उपकार वेगळे, ते फेडता येतात. पैसे घेतल्याचे फेडता येत नाहीत.

मग दर महिन्याला मी मिरजेला जायला लागले. दोनशे रुपये, एक चहा, आणि त्यांची एक गोष्ट. हळूहळू मी त्यांना आण्णा म्हणायला लागले आणि ते मला पोरी. माझी मुलगी म्हणाली, आई, फोनवरून पाठव की, बसचं भाडं तरी वाचेल. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "फोनवरनं आल्यालं ओझं दिसत न्हाई. हातात आनत जा."

लग्नाची गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली. खेचर हाकणाऱ्यालाही लष्करात ड्रायव्हरच म्हणतात. त्यांचं स्थळ गेलं तेव्हा मुलीच्या बापाला कळलं, जावई ड्रायव्हर आहे. तो खूश. "लग्नात म्हातारा इचारतो, जावईबापू, गाडी कुठली चालवतासा? म्हटलं, चार पायांची. ब्रेक लावला की लाथ घालती. सासू आठ दिस माझ्याशी बोलली न्हाई."

कवितेचंही तिथंच कळलं. मी एकदा धीर करून विचारलं, आण्णा, तुम्ही आधीपासून लिहीत होता का. ते म्हणाले, गावात असताना गणपतीच्या मेळ्यासाठी गाणी रचायचे. लांबलचक, एका दमात म्हणायची. डोंगरात गेल्यावर ते बंद झालं.

"का?"

"दमच न्हाई गं. वर हवा इरळ. चार शब्द बोलला की थांबायचं, छातीत हवा घ्यायची, मग फुडचे चार. तिथं समदी मानसं तशीच बोलत्यात. मीबी तसंच रचाय लागलो. अर्धी ओळ, दम, अर्धी ओळ. आनि कागुद कुठला? वर काय नेलं त्याची चिठ्ठी असायची, बोटाएवढी. तिच्या पाठीवर पेन्सिलीनं. शाई गोठायची. चार ओळींच्या वर बसायचंच न्हाई. घरी आल्यावर मोठे कागुद मिळाले, तर रचायच येईना. मग चिठ्ठीएवढे तुकडे फाडून घेतले, तवा कुठं जमाय लागलं."

मी म्हटलं, "म्हणजे लढाईनं तुम्हाला कवी केलं."

"लढाईनं काय केलं न्हाई. लढाईनं गुडघं घालवलं," ते म्हणाले. "चढानं केलं. आनि खेचरानं."

नामदेवाचं त्यांनी सात-आठ महिन्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

त्या वाटेवर एक पट्टा होता, अर्ध्या फर्लांगाचा, समोरच्या टेकडीवर शत्रूला ऐकू जाईल असा. तिथून धुकं असेल तेव्हाच जायचं. पट्टा सुरू होण्याआधी खेचरांच्या गळ्यातल्या घंटा काढायच्या, साखळ्यांना चिंध्या बांधायच्या, आणि प्रत्येकानं आपल्या जनावराच्या नाकपुडीवर हात ठेवायचा, म्हणजे ते फुरफुरत नाही. एक शब्द नाही. खोकला आला तर तोंडात बाही कोंबायची. त्या दिवशी नामदेव त्यांच्या पुढं होता. बर्फावर त्याच्या खेचराचा मागचा पाय गेला. दोर त्याच्या मनगटाला होता. दोघं खाली गेली.

"आनि त्यानं आवाज केला न्हाई, पोरी," आण्णा म्हणाले. "पडताना मानूस वरडतोच. कुनीबी वरडंल. त्यो वरडला न्हाई. मागं आमी अकरा जन व्हतो. त्यो वरडला असता तर वरनं गोळा आला असता. मला दिसत व्हतं त्यो जातोय, आनि मी माझ्या खेचराच्या नाकावर हात धरून चालत ऱ्हायलो. मीबी वरडलो न्हाई. पट्टा संपंपतोर."

चहा तसाच राहिला होता. समोरून रिक्षा जात होत्या, पेशंटची माणसं डबे घेऊन चालली होती.

"तवापासनं मी त्याच्यावर लिवाय बसलो, दरसाली बसलो. शब्द आला की वाटायचं, आवाज झाला. मग कळलं, त्याचं पान तसंच असतंय."

चाळीसाव्या पानावर घंटा काढतात. त्रेचाळीसाव्या पानावर ठाण्यात पोचून खेचरं मोजतात. ती दोन्ही पानं मी शेकडो वेळा वाचली होती, पण घडीतल्या कागदावर, वेगवेगळी. मधली वाट मी सुरीनं काढून टाकली होती, अगदी निगुतीनं.

मी तेव्हाच त्यांना विचारलं की ती तीनशे कापलेली पानं माझ्याकडं आहेत, त्यांचं काय करू. मला वाटलं घरी न्या म्हणतील. ते म्हणाले, "लिव की त्यावर."

"मी? आवं आण्णा, चौथी झालीय माझी. आणि ती पानं तुमच्या दोस्ताची."

"दोस्ताचं पान पुस्तकात कोरं पायजे. तुझ्याकडं फळीवर कोरं ऱ्हाऊन वाया जाईल. तू दिसभर दुसऱ्याची पुस्तकं शिवतीस, एक आपलं शिव."

मी ती पानं चाचांनी शिकवलं होतं तशी दोन-दोन जोडून, घड्या करून शिवली. पुठ्ठ्याची बांधणी, पाठीला कापड. ती ही वही. वर्षभर तिच्यात काही लिहिलं नाही. मग एक दिवस कामाचं लिहायला घेतलं.

हप्ते दोनदा चुकले. एकदा मुलीच्या बाळंतपणात आणि एकदा आण्णा तापानं आजारी होते तेव्हा. पुढच्या महिन्यात चारशे दिले. ते दर वेळी मोजून घेत, डायरीत लिहीत, किती राहिले ते सांगत. एकदाही राहू दे म्हणाले नाहीत.

फलटणची बातमीही त्यांनीच आणली. दोन सूत लहान असलेलं पहिलं पुस्तक ते स्वतः घेऊन गेले होते. बहिणीनं ते उशाशी ठेवलं आहे. कोणी भेटायला आलं की ती मधोमध उघडून पान दाखवते आणि म्हणते, हा आमचा नामू. पुस्तक सारखं तिथंच उघडून तिथंच आपोआप उघडायला लागलं आहे. "पान हललंय का?" मी विचारलं. आण्णा म्हणाले, "वढून बघितलं मी. दोऱ्यात पक्कं हाय."

या श्रावणात शेवटचे दोनशे राहिले होते. मी शंभराच्या दोन कोऱ्या नोटा बँकेतून आणल्या. पाऊस होता, चहाच्या गाडीवर ताडपत्री बांधली होती. आण्णांना आता कानानं कमी येतं, गुडघाही वाकत नाही. ते बाकड्यावर पाय लांब करून बसले होते. मी नोटा दिल्या. त्यांनी दोन्ही उजेडाकडं धरून बघितल्या, डायरी काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं.

"फिटलं," ते म्हणाले. "सहा हजार चारशे."

मला काहीतरी बोलायचं होतं. तीन वर्षांचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "मोजून घेतलंत का?"

त्यांनी डायरी पिशवीत टाकली, काठी घेतली आणि बाकड्याला धरून उठायला लागले. मी हात द्यायला गेले तर मला म्हणाले, "तू हुबी ऱ्हा. हितंच. ताठ."

मी उभी राहिले. ते काठी टेकत माझ्या मागं गेले. चहावाला किटली हातात धरून बघायला लागला, बाकड्यावरच्या दोन बायाही बघायला लागल्या. एरवी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मी समोर बघत राहिले. मागं ते थांबले होते, डोळे बारीक करून माझे दोन्ही खांदे बघत असणार. बराच वेळ घेतला त्यांनी.

मग म्हणाले, "बराबर."

मी पहिलं पाऊल टाकलं आणि सांगलीच्या बसकडं निघाले.